घेण्याआधीच विकायचा भाव

शेअर म्हणजे काय, हे नगर जिल्ह्याला मुंबईच्या दलाल स्ट्रीटने शिकवलेले नाही; ते साखर कारखान्याने शिकवले. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५०-५१ च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले, आणि त्यासाठीचे भागभांडवल गावोगाव, शेतकऱ्यांच्या दारोदार फिरून जमवलेले होते. पुढे प्रवरेच्या वरच्या अंगाला आमच्या अकोले तालुक्यात अगस्ती कारखाना झाला, तेव्हा इथल्या घरांतही शेअर आले. आजोबांच्या नावाचा शेअर वडिलांच्या नावावर झाला, वडिलांचा मुलाच्या. त्याचा भाव रोज कुठल्या फळ्यावर लागत नाही. त्याच्यावर ऊस जातो, मत देता येते, सर्वसाधारण सभेत उभे राहून दोन शब्द सुनावता येतात. तो जपून ठेवायचा कागद आहे, आणि सहकारात तसेच असायला हवे.

अडचण पुढे झाली. २०२० च्या टाळेबंदीनंतर तालुक्यातल्या तरुणांनी मोबाईलवर डिमॅट खाती उघडली आणि बाजारातला शेअर घरात आला, पण त्याच्याशी वागायची रीत मात्र जुनीच राहिली. घेतला की ठेवायचा. भाव खाली आला तर म्हणायचे, विकलाच नाही तर तोटा कसला? आणखी खाली आला तर थोडे अजून घेऊन सरासरी उतरवायची. आणि अगदीच गळ्याशी आले की ॲप उघडायचे बंद करायचे. अकोल्याच्या बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीपासून राजूरच्या बाजारापर्यंत मी हेच ऐकत आलो आहे. कोणता शेअर घ्यावा, हे विचारणारे रोज भेटतात. घेतलेला कधी आणि कोणत्या भावाला विकायचा, हे घेण्याआधी विचारणारा क्वचित भेटतो. ही पुस्तिका त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

स्टॉपलॉस म्हणजे काय, ते आधी साध्या शब्दांत सांगतो. शेअर घेण्याआधी आपण काहीतरी गृहीत धरलेले असते: कंपनीचा निकाल चांगला येईल, किंवा एवढे दिवस अमुक भावाला अडलेला शेअर आता वर जाईल. ते गृहीत चुकले, हे ज्या भावाला मान्य करायचे, तो भाव म्हणजे स्टॉपलॉस. तो खरेदीआधी ठरतो आणि खरेदीनंतर खाली सरकत नाही. बाहेर पडण्याची बाकीची सगळी व्यवस्था (नफा कुठे घ्यायचा, निम्मा माल कधी काढायचा, किती दिवस वाट पाहायची) या एका भावाभोवती बांधली जाते.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हा विचार परका नाही. टोमॅटोचा प्लॉट उभा असतो. रोपे, मल्चिंग, तार-बांबू, फवारण्या यांत पैसा जाऊन बसलेला असतो. भाव पडतो आणि एक दिवस असा येतो, की तोडणीची मजुरी, गाडीभाडे, हमाली आणि आडत धरली तर क्रेटमागे पदरचे पैसे घालावे लागणार. त्या दिवशी शेतकरी तोडणी थांबवतो, प्लॉटमध्ये मेंढरे सोडतो. त्या वेळी तो बांबूला किती गेले हे मोजत बसत नाही. गेले ते गेले. उद्याची मजुरी घालायची की नाही, एवढाच प्रश्न तो सोडवतो. हा निर्णय घेताना त्याच्या पोटात काय कालवते, ते मी जवळून पाहिले आहे. तरीही तो निर्णय घेतो. मात्र त्याला लागवडीच्या दिवशी आपले जास्तीत जास्त नुकसान किती, हे ठरवता येत नाही, कारण अर्ध्यावर आलेले पीक बाजारात परत करता येत नाही. शेअर घेणाऱ्याला ही सोय पहिल्या दिवसापासून आहे. शेतीत न मिळणारी ही मोकळीक बाजारात मिळत असताना ती न वापरणे मला फार खटकते.

न वापरल्याने काय होते, याचे सगळ्यांना आठवणारे उदाहरण येस बँकेचे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये हा शेअर ४०० रुपयांच्या आसपास होता. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने येस बँकेचे प्रमुख राणा कपूर यांची मुदत जानेवारी २०१९ अखेरपर्यंतच ठेवली आणि एका दिवसात शेअर पंचवीस टक्क्यांहून जास्त कोसळला. इथे दोन गोष्टी एकदमच झाल्या होत्या. भाव तुटला होता, आणि ज्या भरवशावर लोकांनी शेअर घेतला होता, तो भरवसाही तुटला होता. तरी खालच्या प्रत्येक भावाला नवे छोटे भागधारक येत गेले. चारशेचा शेअर दोनशेला मिळतोय, मग शंभरला मिळतोय, मग पन्नासला. ५ मार्च २०२० च्या संध्याकाळी बँकेवर निर्बंध आले, खातेदाराला पन्नास हजारांपुढे रक्कम काढता येईना. दुसऱ्या दिवशी शेअरने साडेपाच रुपयांचा तळ पाहिला. त्यानंतर जे घडले ते या पुस्तिकेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. पुनर्रचनेच्या योजनेत, ज्यांच्याकडे शंभराहून जास्त शेअर होते त्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. मार्च २०२३ पर्यंत विकायची इच्छा असली तरी विकता येणार नव्हते. दीड वर्ष दार सताड उघडे होते, तेव्हा लोक आत येत राहिले. बाहेर पडावेसे वाटले तेव्हा दार सरकारी अधिसूचनेने बंद झाले होते.

याच शेअरमध्ये ज्याने शिखरापासून वीस टक्के खाली स्टॉपलॉस ठेवला असेल, तो सुमारे तीनशेवीसला बाहेर पडला असता. त्याला त्या दिवशी वाईट वाटले असते. कदाचित आठवडाभर तो इतरांना टाळत फिरला असता. पण त्याच्या लाखाचे ऐंशी हजार त्याच्या हातात असते.

माणूस असा का वागतो, यावर भरपूर अभ्यास झालेला आहे. हर्श शेफ्रिन आणि मेयर स्टॅटमन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले, की गुंतवणूकदार नफ्यातले शेअर घाईने विकतात आणि तोट्यातले धरून बसतात. टेरन्स ओडीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची दहा हजार खाती तपासली आणि तेच चित्र प्रत्यक्ष व्यवहारांत दिसले. म्हणजे ही खोड अकोल्याची नाही आणि अडाणीपणाचीही नाही. तोटा मान्य करणे म्हणजे आपण चुकलो हे चारचौघांत कबूल करणे, असे मनाला वाटते. आमच्याकडे त्यात आणखी एक भर पडते. पैसे बहुतेक वेळा एकट्याचे नसतात. उसाच्या उचलीतून, दुधाच्या पगारातून, कधी भावाच्या नोकरीतून ते आलेले असतात. घरी काय सांगायचे, या धास्तीने तोट्याचा शेअर विकला जात नाही. म्हणूनच स्टॉपलॉसचा भाव खरेदीआधी वहीत लिहावा आणि पैशात ज्याचा वाटा आहे त्याला तो दाखवावा, असा आग्रह मी धरतो. आधीच सांगितलेला दोन हजारांचा तोटा घरात भांडण लावत नाही. लपवलेला साठ हजारांचा लावतो.

आता त्या दोन हजारांविषयी. स्टॉपलॉसवर बोलताना लोक भावाबद्दलच बोलतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. भावाइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व किती शेअर घेतले याला आहे. समजा भांडवल दोन लाख आहे आणि एका सौद्यात एक टक्क्याहून जास्त गमवायचे नाही असे ठरले. म्हणजे दोन हजार. शेअर ५०० ला घ्यायचा आहे आणि आपले गृहीत ४८० च्या खाली चुकीचे ठरते. फरक वीस रुपयांचा. दोन हजार भागिले वीस, म्हणजे शंभर शेअर. पन्नास हजारांचा सौदा. हाच स्टॉप ४६० वर ठेवणे योग्य वाटत असेल, तर फरक चाळीसचा होतो आणि शेअर पन्नासच घ्यायचे. दोन्हीकडे जोखीम तीच, दोन हजार. आपल्याकडे हे उलट्या क्रमाने होते. आधी शंभर शेअर घ्यायचे असे मनात येते, मग दोन हजारांच्या वर तोटा नको म्हणून स्टॉप ओढूनताणून ४८० ला आणला जातो, मग शेअर सहज हेलकाव्यात ४७८ करून वर निघून जातो, आणि माणूस म्हणतो की स्टॉपलॉस लावला की मुद्दाम उडवतात.

मुद्दाम कोणी काही उडवत नाही. प्रत्येक शेअरची रोजची एक चाल असते. जो शेअर दिवसाला सरासरी अठरा रुपये वरखाली होतो, त्याला सहा रुपयांचा स्टॉप लावला तर तो दुपारपर्यंत कापला जाणारच. ही रोजची चाल मोजायला वेल्स वाइल्डर यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात एटीआर नावाचे माप दिले. आज ते प्रत्येक चार्टवर फुकट मिळते. स्टॉप या चालीच्या बाहेर आणि आधीच्या तळाच्या खाली ठेवावा, आणि तो लांब पडत असेल तर शेअर कमी घ्यावेत. तिसऱ्या प्रकरणात हे गणित चार वेगवेगळ्या भांडवलांसाठी करून दाखवले आहे. ते वाचताना पेन्सिल हातात असू द्यावी.

या गणिताचा दुसरा भाग टक्केवारीच्या विषम वागण्याचा आहे. दहा टक्के गेले तर मूळ जागी यायला सुमारे अकरा टक्के कमवावे लागतात. वीस गेले तर पंचवीस. पन्नास गेले तर शंभर. एक टक्क्याच्या शिस्तीत लागोपाठ दहा सौदे चुकले तरी नव्वद टक्क्यांवर भांडवल शाबूत राहते, आणि अकराव्या सौद्याला माणूस ताठ मानेने बसू शकतो. शिस्त नसेल तर एकच सौदा त्याला निम्म्यावर आणतो. निम्म्यावर आलेला माणूस दुप्पट करण्याच्या नादात ऑप्शन्सकडे वळतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की त्याबद्दल शांतपणे लिहिणे मला जड जाते.

ऑर्डर प्रत्यक्ष कशी लावायची, याला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे, कारण अर्धवट माहितीने इथे खूप जण पोळतात. स्टॉपलॉस ऑर्डरमध्ये एक ट्रिगरचा भाव असतो आणि एक मर्यादेचा. ट्रिगर ४८० आणि मर्यादा ४७८ ठेवली, तर भाव ४८० ला टेकताच ऑर्डर जागी होते आणि ४७८ पर्यंत मिळेल त्या भावाला विकते. पण भाव ४८१ वरून एकदम ४७० ला उडाला, तर ऑर्डर नुसती टांगून राहते आणि शेअर आपल्याच गळ्यात राहतो. मर्यादा न घालता बाजारभावाला विकणारा प्रकारही आहे, पण पातळ बाजारात तो भलत्याच भावाला विकून मोकळा होतो. त्यामुळेच एनएसईने सप्टेंबर २०२१ पासून ऑप्शन्समध्ये तो बंद केला आणि बीएसईने ऑक्टोबर २०२३ पासून. शिवाय रोजची स्टॉपलॉस ऑर्डर दुपारी साडेतीनला बाजाराबरोबर संपते. काल लावली म्हणून आज ती नसते. जीटीटी नावाची सोय बरेच ब्रोकर देतात, ती अनेक ठिकाणी वर्षभर राहते, आणि शेतात असणाऱ्या माणसाला तीच जास्त सोयीची आहे.

शेतात असणाऱ्या माणसाचा उल्लेख सहज केलेला नाही. पुण्या-मुंबईत स्क्रीनसमोर बसलेला माणूस म्हणू शकतो, की मी स्टॉप डोक्यात ठेवतो, भाव आला की विकतो. राजूर सोडून रतनवाडी-घाटघरकडे निघाले की रेंज येते-जाते. भंडारदऱ्याचा जुलै-ऑगस्टचा पाऊस लागला की वीज किती वेळ जाईल याचा नेम नसतो. उसाला पाणी द्यायला माणूस रात्रीच्या लाइटवर जागलेला असतो आणि सकाळी सव्वानऊला झोपलेला. डोक्यातला स्टॉप इथे कामाचा नाही. तो ऑर्डर म्हणून यंत्रणेत बसलेला असला पाहिजे.

एवढे करूनही स्टॉपलॉस सगळ्यातून वाचवत नाही, हे इथेच स्पष्ट लिहितो. शुक्रवारी २० मार्च २०२० ला सेन्सेक्स २९,९१६ च्या आसपास बंद झाला. सोमवारी उघडताच तो इतका खाली गेला, की दहा टक्क्यांची मर्यादा लागून पाऊण तास व्यवहार थांबले, आणि दिवसअखेर तो २५,९८१ वर होता. शनिवार-रविवारी लावलेल्या कोणत्याही स्टॉपला शुक्रवारचा भाव मिळणे शक्य नव्हते. ७ जानेवारी २००९ ला सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचे हिशेब फुगवल्याची कबुली देणारे पत्र आले आणि जवळजवळ १८० चा शेअर त्याच दिवशी ४० च्या खाली बंद झाला. मे २०१८ मध्ये मनपसंद बेव्हरेजेसच्या लेखापरीक्षकांनी निकालाच्या तोंडावर काम सोडले, तेव्हा शेअरला दिवसामागून दिवस खालचे सर्किट लागत गेले. नुसते विकणारे रांगेत, घेणारा कोणी नाही. अशा दिवशी ट्रिगरचा काहीच उपयोग होत नाही. उपयोग होतो तो एकाच गोष्टीचा: त्या शेअरमध्ये आपले एकूण किती पैसे होते. भांडवलाचा चौथा हिस्सा असेल आणि शेअर ऐंशी टक्के पडला, तर वीस टक्के गेले. माणूस उभा राहतो. सगळेच एका ठिकाणी असतील तर कोणतीही ऑर्डर त्याला वाचवणार नाही. म्हणून पुस्तिकेची सुरुवात ऑर्डरच्या खिडकीने न करता सौद्याच्या आकाराने केली आहे.

नफ्यातून बाहेर पडणे तोट्यापेक्षा अवघड आहे, असे माझे मत होत चालले आहे. तोट्यात एक भाव ठरवता येतो. नफ्यात मोह असतो. भाव वर जाईल तसा स्टॉप वर सरकवत न्यायचा, ही पद्धत मला सगळ्यांत पटते. ५०० चा शेअर ५६० झाला की स्टॉप किमान ५०० वर आणायचा, ६२० झाला की ५७० वर. शिखरावर कधीच विकले जात नाही, पण शिखर कुठे आहे हे ओळखण्याचे ओझेही राहत नाही. ज्यांना धीर धरवत नाही त्यांनी निम्मा माल ठरलेल्या भावाला काढावा. याशिवाय आपल्या भागासाठी मी तारखेचा स्टॉप सुचवतो. सोसायटीचे पीककर्ज मार्चअखेर भरायचे असेल, किंवा वैशाखात घरात लग्न असेल, तर त्या पैशाची बाजारातली मुदत आधीच ठरलेली आहे. भाव काहीही असो, त्याआधी पंधरा दिवस ते पैसे बाहेर हवेत. खरे तर असे पैसे बाजारात येऊच नयेत. पण ते येतात, म्हणून लिहिले.

दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराला रोजच्या भावाचा स्टॉप लागत नाही, हे मला मान्य आहे. त्याला कारणांचा स्टॉप लागतो. प्रवर्तकांनी शेअर गहाण टाकायला सुरुवात केली, लेखापरीक्षक मधूनच सोडून गेला, कर्ज विक्रीपेक्षा वेगाने वाढले. यांतली कोणती बातमी आली की आपण विकणार, हे त्याने घेतेवेळी लिहून ठेवावे.

कराबद्दल एकच गोष्ट, कारण ती इथे कोणी सांगत नाही. विकून दाखवलेला तोटा पुढच्या नफ्यातून वजा करता येतो, आणि भांडवली तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो. अट एवढीच, की विवरणपत्र मुदतीत भरलेले पाहिजे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने आपल्याकडे अनेक जण विवरणपत्र भरतच नाहीत आणि हा हक्क हातचा घालवतात.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये दिलेला अहवाल माझ्या टेबलावर आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, खर्च धरून सरासरी माणशी सुमारे दोन लाख. रोखीच्या बाजारात त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणाऱ्यांपैकी दहात सात तोट्यात होते, हे जुलै २०२४ च्या अहवालात आले. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी ओळ वेगळीच आहे: लागोपाठ दोन वर्षे तोटा होऊनही तोट्यातल्या ट्रेडर्सपैकी पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक जणांनी व्यवहार चालूच ठेवले. म्हणजे सौद्याला स्टॉप नव्हता, तसाच या धंद्यातल्या स्वतःच्या असण्यालाही नव्हता. शेवटचे प्रकरण त्यावर आहे. वर्षाला भांडवलाचा किती हिस्सा गेला की सहा महिने थांबायचे, आणि किती वर्षे गेली की ट्रेडिंग सोडून इंडेक्स फंडात महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची, हे प्रत्येकाने आपले आपण लिहायचे आहे. त्यासाठी तिथे कोरी पाने सोडली आहेत.

आपल्याच जिल्ह्यात, शेवगावच्या बाजूला, शेअर बाजारात पैसे लावून महिन्याला ठरावीक टक्के देतो असे सांगणाऱ्यांनी २०२४ च्या सुमारास लोकांची कोट्यवधींची फसवणूक केली. त्यावर ही पुस्तिका काही उपाय सांगू शकत नाही. स्टॉपलॉस लावता येतो तो स्वतःच्या नावाच्या खात्यात, स्वतःच्या हाताने. दुसऱ्याच्या हातात दिलेल्या पैशाला ट्रिगर नसतो. म्हणून असा पैसा दिलेला कोणी माझ्याकडे आला, तर मी त्याला चार्ट दाखवत नाही. कागदपत्रे घेऊन आधी पोलीस ठाण्यात जा म्हणतो.

प्रकरणे ज्या क्रमाने दिली आहेत त्याच क्रमाने वाचावीत. पहिली तीन वाचून होईपर्यंत नवा सौदा करू नये, आणि जे शेअर आज खात्यात आहेत त्यांची यादी करून प्रत्येकापुढे दोन भाव लिहावेत: घेतलेला आणि विकायचा. ज्याच्यापुढे दुसरा भाव लिहिता येत नाही, तो शेअर आपण का घेतला होता याचे उत्तर आधी शोधावे, आणि मग चौथे प्रकरण उघडावे.